विश्लेषण : मुख्य बँडच्या आधीचा अर्धा तास नेमका कोणाचा?

तिकिटावर नाव एकाचे असते, मंचावर आधी येतो दुसराच. मैदान अर्धे रिकामे, ऊन अजून उतरलेले नाही, लोक खाण्याच्या रांगेत. मुख्य कलाकाराच्या आधी गाणाऱ्या या ‘ओपनिंग बँड’ना कमी वेळ का मिळतो, त्यांचा आवाज फिका का वाटतो आणि तरीही त्यांतले काही जण वर्षानुवर्षे लक्षात का राहतात, याविषयी...

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत तासन्‌तास काढलेल्यांत नाशिककरही होते. कसारा घाट उतरायचा, भिवंडी-ठाण्याची कोंडी पार करायची, गाडी लावायला जागा शोधायची आणि मग स्टेडियमच्या दारातली तपासणी. या धावपळीत मुख्य कार्यक्रम चुकत नाही. चुकतो तो त्याच्या आधीचा.

ख्रिस मार्टिन आणि मंडळी मंचावर येण्याआधी मुंबईच्या या मैफलींत शोन, एलियाना आणि भारताची जसलीन रॉयल असे कलाकार गायले. कार्यक्रमानंतर जसलीनच्या गाण्याच्या छोट्या क्लिप समाजमाध्यमांवर फिरल्या आणि तिला ट्रोल करण्यात आले. टीका करणाऱ्यांत प्रत्यक्ष मैदानात असलेले किती आणि फोनवर पंधरा सेकंद ऐकलेले किती, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. त्या निमित्ताने ओपनिंग बँड कोणत्या परिस्थितीत वाजवतो, हे समजून घ्यायला हवे.

ओपनिंग बँड म्हणजे काय? तो कोण ठरवते?

मुख्य कलाकाराच्या आधी त्याच मंचावर कार्यक्रम करणाऱ्या बँडला किंवा गायकाला ‘ओपनिंग अॅक्ट’, ‘ओपनर’ किंवा ‘सपोर्ट बँड’ म्हणतात. साधारणपणे २५ ते ४५ मिनिटे त्यांच्या वाट्याला येतात. निवडीच्या पद्धती मुख्यतः तीन.

पहिली, मुख्य कलाकार स्वतःच एखाद्याला संपूर्ण दौऱ्यासाठी बरोबर घेतो. एलियानाचे उदाहरण पाहा. कोल्डप्लेच्या २०२४ मधील ‘मून म्युझिक’ या अल्बममध्ये ‘वी प्रे’ हे गाणे आहे. त्यात तिचा आवाज आहे, म्हणजे बँडशी तिचे नाते आधीपासूनचे.

दुसरी पद्धत स्थानिक ओपनरची. दौरा ज्या देशात किंवा शहरात येतो, तिथला आयोजक तिथल्याच एखाद्या कलाकाराचे नाव सुचवतो आणि मुख्य कलाकाराची टीम होकार देते. भारतीय बँडना बहुतेक वेळा संधी मिळते ती याच वाटेने.

तिसऱ्या पद्धतीविषयी सहसा बोलले जात नाही. पाश्चात्त्य देशांत काही दौऱ्यांवर ओपनिंगची जागा मिळवण्यासाठी बँड किंवा त्याची रेकॉर्ड कंपनी स्वतःच पैसे मोजते. मानधन मिळण्याऐवजी खिशातून जाते. मोठ्या गर्दीसमोर उभे राहण्याची ही किंमत असते आणि ती वसूल होईलच, याची खात्री नसते.

ही पद्धत आपल्याकडे नवी आहे का?

नाव नवे, रीत जुनी. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत तरुण कलाकार आधी आणि ज्येष्ठ शेवटी, हा क्रम महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. त्याची सांगता भीमसेनजींच्या गाण्याने व्हायची आणि त्यांच्यानंतर अनेक वर्षे हा मान डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे होता. आधीच्या सत्रांत नव्या दमाचे कलाकार गात. ‘सवाईत गायलो’ हे वाक्य मात्र त्यांनाही आयुष्यभर पुरते.

तमाशात वगाच्या आधी गण, गवळण आणि बतावणी येते. संगीत नाटकात नांदीशिवाय पडदा वर जात नाही. कीर्तनात पूर्वरंग झाल्यावर उत्तररंग. फरक इतकाच, की तिथे आधीचा भाग त्याच संचाचा किंवा त्याच कीर्तनकाराचा असतो. तो चुकला तर मुख्य कार्यक्रमाचा धागाच हातातून सुटतो, म्हणून लोक वेळेवर येतात. ओपनिंग बँड परका असतो. तो ऐकला नाही तरी चालते, असे प्रेक्षक गृहीत धरतो.

तिकीट काढून गाणे ऐकण्याच्या इतिहासात नाशिकलाही स्थान आहे. पंचवटीत रामनाम आधाराश्रम स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे राजदरबाराबाहेर, तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या शास्त्रीय गायकांपैकी एक. पैसे मोजून आलेला श्रोता हा त्या काळी नवा प्राणी होता. आजही प्रश्न त्याचाच आहे : त्याने पैसे कोणासाठी मोजले आणि तो ऐकायला कोणाला तयार आहे?

वेळ इतका कमी का मिळतो?

याचे उत्तर रात्री दहाच्या काट्यात आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. महाराष्ट्रात त्यांतले बरेचसे दिवस गणेशोत्सव, नवरात्र आणि वर्षअखेर यांतच खर्च होतात. त्यामुळे खुल्या मैदानातली मैफल दहाला थांबणार, हे धरूनच सगळा हिशेब उलटा मांडावा लागतो.

समजा, मुख्य बँड दोन तास वाजवणार आहे. म्हणजे त्याने आठला सुरुवात करायला हवी. त्याआधी मंच बदलायला पाऊण तास, म्हणजे सव्वासात. दुसऱ्या ओपनरला ४० मिनिटे दिली तर तो साडेसहाच्या सुमारास उभा राहणार. पुन्हा मंच बदलण्याचा वेळ वजा केला की पहिल्या, म्हणजे बहुतेकदा स्थानिक बँडच्या वाट्याला येते साडेपाचची वेळ. जानेवारीत मुंबई-नाशिक भागात सूर्य मावळतो सव्वासहाच्या पुढे. दिवे, पडदे, रंगीत प्रकाश यांचा त्या उजेडात काहीच उपयोग नसतो.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर कात्री लागते तीही याच अर्ध्या तासाला. मुख्य कलाकाराचा वेळ कमी करण्याची जोखीम कोणी घेत नाही. उलट ओपनरने पाच मिनिटे जास्त घेतली तर सगळे गणित कोसळते, म्हणून हा नियम फार कडक पाळला जातो. अमेरिकेत २००६ मध्ये ‘रास्कल फ्लॅट्स’ या कंट्री बँडच्या दौऱ्यावर एरिक चर्च हा गायक ओपनर होता. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त गायल्याने त्याला दौऱ्यातून काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी १६ वर्षांच्या एका मुलीला घेण्यात आले. तिचे नाव टेलर स्विफ्ट.

पुढे २०१३ मध्ये टेलर स्विफ्टच्या ‘रेड’ दौऱ्यावर ओपनर होता एड शीरन. आणि १६ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर एड शीरनच्या आधी गायले कॅलम स्कॉट आणि आपला प्रतीक कुहाड. मंचावर आधी येणाऱ्यांची साखळी ही अशी असते.

आवाज फिका का वाटतो?

‘आधीचा बँड काही खास नव्हता, मुख्य बँड आला आणि आवाज एकदम उघडला,’ अशी आठवण मैफलीहून परतलेले अनेक जण सांगतात. ती खोटी नसते. मात्र त्यामागे वादनाच्या दर्जापलीकडची चार साधी कारणे असतात.

पहिले कारण साऊंड चेक. मोठ्या कार्यक्रमात साऊंड चेक उलट्या क्रमाने होतो. मुख्य कलाकाराचा सर्वात आधी, दुपारी निवांत. ओपनरचा सर्वात शेवटी, कारण त्याची वाद्ये मांडून झाली की तशीच ठेवता येतात. मुख्य कलाकाराचा वेळ लांबला, की ओपनरला पूर्ण साऊंड चेक मिळतच नाही. प्रत्येक माइक आणि वाद्याचा आवाज मिक्सरपर्यंत पोहोचतो ना, एवढेच दोन-चार मिनिटांत पाहिले जाते. याला ‘लाइन चेक’ म्हणतात. आवाजांचा तोल साधण्याचे काम पहिले गाणे चालू असताना करावे लागते. म्हणून ओपनरचे पहिले गाणे बहुधा गढूळ ऐकू येते आणि तिसऱ्या गाण्यापासून ते सुधारते.

दुसरे कारण जागा. मुख्य बँडचे ड्रम, अॅम्प्लिफायर, पडदे आधीच मांडलेले असतात आणि त्यांना हात लावता येत नाही. त्यांच्यापुढे उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत ओपनरने उभे राहायचे. स्पीकर तेच असले तरी त्यांची जुळणी मुख्य कलाकारासाठी केलेली असते. काही दौऱ्यांवर तर ओपनरच्या आवाजाची आणि प्रकाशयोजनेची कमाल मर्यादाही आधीच ठरवून दिलेली असते.

तिसरे कारण खुद्द गायकाला काय ऐकू येते, हे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. स्टेडियमची मागची भिंत मंचापासून १५० मीटरवर असेल, तर गायकाचा आवाज तिथे जाऊन परत यायला ३०० मीटर कापतो, म्हणजे जवळपास पाऊण ते एक सेकंद लागतो. स्वतःचाच सूर इतक्या उशिरा कानावर आदळला, की ताल आणि सूर दोन्ही ढळण्याची भीती असते. कानातला मॉनिटर नीट जुळवलेला असेल तरच गायक त्यातून तरून जातो. पण ती जुळवाजुळव होते साऊंड चेकमध्येच आणि तो तर मिळालेला नसतो. भरीला रिकामी आसने आणि सिमेंटच्या पायऱ्या आवाज परत फेकतात. माणसांनी भरलेले स्टेडियम तोच आवाज शोषून घेते. म्हणजे गर्दी जमली, की मैदानाचा आवाज आपोआप सुधारतो.

चौथे कारण हवामान. उष्ण हवेत ध्वनी जास्त वेगाने जातो. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले, की वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते. त्यामुळे ध्वनिलहरी वरच्या बाजूला वळतात आणि मोठ्या मैदानात मागच्या लोकांपर्यंत कमी पोहोचतात. सूर्यास्तानंतर जमीन थंड होऊ लागते आणि हे चित्र उलटे होते. आवाज खाली झुकतो, दूरवर जातो. दिवाळीत पिंपळपारावर रंगणाऱ्या पाडवा पहाटेसारख्या मैफलींना पहाटेची ही थंड हवा साथ देते. साडेपाचच्या उन्हात वाजवणाऱ्या बँडला ती मिळत नाही.

मग क्लिपवरून निकाल लावायचा का?

फोनवर चित्रित केलेली क्लिप हा आणखी वेगळा मामला. फोनचा माइक मैदानातल्या प्रचंड आवाजासाठी बनवलेला नसतो. मोठा आवाज आला, की फोन आपोआप पातळी खाली ओढतो आणि शांतता झाली की वर नेतो. या ओढाताणीत गायकाचा आवाज वाद्यांपासून तुटल्यासारखा वाटू शकतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गर्दीची. मुख्य कलाकाराच्या क्लिपमध्ये हजारो लोक त्याच्याबरोबर गात असतात. एखादा सूर हलला, तरी तो त्या समूहगानात झाकला जातो. ओपनरबरोबर कोणी गात नाही. लोक आपापसांत बोलत असतात आणि गायकाचा आवाज उघडा पडतो. तेच मैदान आणि तोच फोन असूनही दोन क्लिपची तुलना बरोबरीची ठरत नाही.

जसलीन रॉयल ही ‘शेरशाह’ चित्रपटातील ‘रांझा’ या गाण्याची संगीतकार. तिची गाणी लग्नाच्या व्हिडिओंत गावोगाव वाजतात. त्याच लोकप्रिय गाण्यांना स्टेडियममध्ये वेगळा प्रतिसाद मिळू शकतो. याचा अर्थ प्रत्येक ओपनर निर्दोष असतो, असे नाही. कमी तयारी, चुकीची गाणी, दडपण हेही असते आणि प्रेक्षकाला टीकेचा हक्क आहेच. पण ‘ऐकले आणि आवडले नाही’ आणि ‘क्लिप पाहिली आणि हसलो’ यांत अंतर आहे.

प्रेक्षकांनी नाकारलेल्यांचे पुढे काय झाले?

जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत ‘द मंकीज’ या टीव्हीवरून लोकप्रिय झालेल्या बँडच्या दौऱ्यावर ओपनर म्हणून एक गिटारवादक घेण्यात आला. समोर शाळकरी मुले-मुली. त्यांना त्यांचे लाडके मंकीज हवे होते, मंचावरचा हा कर्णकर्कश गिटारवाला नको होता. अवघ्या काही कार्यक्रमांनंतर त्याने दौरा सोडला. तो जिमी हेंड्रिक्स होता.

ऑक्टोबर १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात ‘रोलिंग स्टोन्स’च्या आधी एक तरुण गायक उभा राहिला. लोकांनी हुर्यो उडवली, हाताला लागेल ते मंचावर फेकले. ९ तारखेला तो कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेला. समजूत काढल्यावर ११ तारखेला परत आला, तेव्हाही तोच प्रकार. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये ‘पर्पल रेन’ आला आणि प्रिन्स हे नाव जगभर झाले.

हे किस्से ऐकून ‘नाकारलेला प्रत्येक जण थोर निघतो’ असा निष्कर्ष काढणे चूक. बहुतेक ओपनर मोठे होत नाहीत, त्यांची नावेही उरत नाहीत. किस्से एवढेच सांगतात, की दुसऱ्या कोणासाठी जमलेली गर्दी ही गुणवत्तेची परीक्षक म्हणून फारशी भरवशाची नसते.

भारतीय बँडना यातून काय मिळाले?

काही वेळा बरेच. १७ मार्च २००७ रोजी बंगळूरुच्या पॅलेस ग्राउंड्सवर ‘आयर्न मेडन’ या बँडची भारतातील पहिली मैफल झाली. त्यांच्या आधी वाजवले दिल्लीच्या ‘परिक्रमा’ने. १९९१ पासून कॉलेजांच्या महोत्सवांत वाजवणारा हा बँड. आयर्न मेडनचे व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड यांना त्यांचे वादन आवडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये परिक्रमा इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हलमध्ये वाजवून आली. एका सायंकाळच्या कामाची ही पावती.

ऑक्टोबर २०११ मध्ये ‘मेटालिका’ त्याच पॅलेस ग्राउंड्सवर आली, तेव्हा आधी ‘गिलोटिन’ आणि ‘इनर सॅन्क्टम’ हे भारतीय बँड आणि स्कॉटलंडचा ‘बिफी क्लायरो’ असे तिघे होते. दोन दिवस आधी गुरुग्रामचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता आणि गर्दीने मंचाची मोडतोड केली होती. त्यामुळे बंगळूरुत तो होतो की नाही, ही धाकधूक घेऊनच लोक मैदानात आले होते. अशा गर्दीसमोर पहिला ठोका देण्याचे काम ओपनरचे असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव ही बँडची मोठी तालीम होती. धोबी तलावच्या रंगभवनात एकामागून एक बँड वाजवत. नवखे आधी, नावाजलेले शेवटी. दुपारी वाजवणारा बँड काही वर्षांनी रात्रीच्या जागेवर येताना रसिकांनी पाहिला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवन बंद झाले. रुग्णालय, न्यायालय, शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, पण बँडना वर चढण्याची एक शिडी त्याबरोबर गेली. २०१० पासून पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ने आणि २०२३ पासून मुंबईत ‘लोलापलूझा’ने ती जागा काही प्रमाणात भरून काढली. पहिल्या लोलापलूझात ‘इमॅजिन ड्रॅगन्स’ आणि ‘द स्ट्रोक्स’ ही मोठी नावे होती, पण दुपारपासून मंच सांभाळले ते बहुतांशी भारतीय बँडनीच.

आठवणीत कोण राहते?

स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट वारंवार दाखवली आहे. यादीतल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या गोष्टी लक्षात राहतात, मधल्या गळतात. या हिशेबाने सर्वात आधी आलेला बँड लक्षात राहायला हवा. पण प्रेक्षकाच्या दृष्टीने संध्याकाळची सुरुवात त्या बँडपासून होतच नाही. ती होते घर सोडल्यापासून. रस्ता, पार्किंग, मनगटावरचा पट्टा, पाण्याची बाटली, हरवलेला मित्र, नसलेले नेटवर्क आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी तो बँड.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी मांडलेला दुसरा नियमही ओपनरच्या विरोधात जातो. एखादा अनुभव कसा होता हे ठरवताना माणूस त्याची सरासरी काढत नाही, त्यातला सर्वात तीव्र क्षण आणि शेवट एवढेच धरून चालतो. १९९३ च्या एका प्रयोगात लोकांना गार पाण्यात हात बुडवायला सांगितले. एकदा ६० सेकंद आणि दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद अधिक किंचित कमी गार पाण्यात आणखी ३०. पुन्हा करायचे झाले तर कोणते, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरे निवडले, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. मैफलीत तीव्र क्षण आणि शेवट हे दोन्ही मुख्य बँडकडे असतात. ओपनरकडे दोन्ही नाहीत.

तरीही काही ओपनर वीस वर्षांनीही आठवतात. याचे कारण अपेक्षा. मुख्य बँडची गाणी पाठ असतात. तो चांगलाच वाजवणार, हे गृहीत असते. ओपनरकडून काहीच अपेक्षा नसते आणि अनपेक्षित गोष्ट स्मरणात खोल रुतते. हातातला वडापाव तसाच राहिला आणि लोक मंचाकडे वळले, असा क्षण ज्याने अनुभवला तो पुढे सांगताना मुख्य बँडच्या गाण्यांची यादी विसरतो, पण ‘आधी कोण होते माहितीये का?’ हे विचारल्याशिवाय राहत नाही.

या आठवणीला पुरावा मात्र सहसा नसतो. कारण फोन तेव्हा खिशात असतात, मुख्य कलाकारासाठी बॅटरी राखलेली असते. ओपनरची आठवण डोक्यातच असते. म्हणून ती पुसली तर कायमची जाते आणि टिकली तर सांगण्यातून टिकते.

नाशिकचे काय?

नाशिकमध्ये हा अनुभव घरबसल्या मिळण्याची जागा होती ‘सुलाफेस्ट’. गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला विनयार्ड्सच्या खुल्या प्रेक्षागृहात २००८ मध्ये हा महोत्सव सुरू झाला. देशी-परदेशी बँड एकाच मंचावर आणि दुपारपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम. अनेक नाशिककरांनी भारतीय स्वतंत्र बँड पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकला तो इथे, पायऱ्यांवर बसून, रात्रीच्या मोठ्या नावाची वाट पाहताना. २०२० नंतर महोत्सवात खंड पडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुन्हा झाला. महोत्सव थांबतो तेव्हा रात्रीच्या मोठ्या नावांचे फारसे बिघडत नाही, त्यांना दुसरी शहरे असतात. दुपारच्या बँडचा मंच जातो. त्यांना ऐकायला नाशिककर सहसा दुसऱ्या शहरात जात नाही.

मोठ्या मैफलींसाठी मुंबई-पुणे गाठण्याला पर्याय नाही. यात एक बदल झाला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळून भिवंडीजवळ उतरता येऊ लागले. पुढची कोंडी तशीच आहे. तरी साडेपाचला मैदानात असणे आता पूर्वीइतके अशक्य राहिलेले नाही.

पुढच्या वेळी काय करता येईल?

- तिकीट काढताना ओपनरची नावे जाहीर झालेली नसतात. कार्यक्रमाच्या आठवड्यात आयोजकांच्या अॅपवर वेळापत्रक येते, ते पाहावे.
- ओपनरची दोन-तीन गाणी प्रवासात ऐकून ठेवावीत. ओळखीचे गाणे खराब आवाजातही समजते.
- पहिल्या गाण्यावरून मत बनवू नये. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबावे, तोवर मिक्सरवरचा माणूस आवाज जुळवत असतो.
- शक्य असेल तर मिक्सरच्या तंबूजवळ उभे राहावे. आवाज जुळवणारा जिथून ऐकतो, तिथे तो सर्वात समतोल असतो.
- आवडले तर बँडचे नाव लगेच फोनमध्ये लिहून ठेवावे. सकाळपर्यंत ते आठवत नाही.

मुख्य बँडचे काम प्रेक्षकांच्या येण्याने वाढत किंवा घटत नाही, तिकिटे आधीच विकली गेलेली असतात. ओपनरचे तसे नाही. त्याच्यापुढे किती माणसे उभी आहेत, यावर त्याचा आवाज कसा ऐकू येईल हेसुद्धा अवलंबून असते. मैदान भरलेले असेल, तर तोच बँड जास्त चांगला वाजतो. नाशिकहून तासभर लवकर निघालेली गाडी त्या भरण्यात चार-पाच माणसांची भर घालते.